संदर्भ दिले होते, तरी मजकूर का उडाला?

प्रश्न थोडक्यात असा: मराठी विकिपीडियावर एका गावाच्या लेखात लोकसंख्या, गावचा इतिहास आणि तिथल्या जुन्या देवळाची माहिती घातली, लेखाखाली चार दुवेही दिले. तरी निम्मा मजकूर काढला गेला आणि उरलेल्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण लागली. आता नेमके करायचे काय?

घोटाळा ‘लेखाखाली चार दुवे’ इथेच आहे. संदर्भ विधानाला द्यायचा असतो. तळाशी दुव्यांची मोळी बांधून ठेवली, की कोणते वाक्य कुठून आले हे कुणालाच कळत नाही. गस्त घालणारा सदस्य वाक्य पाहतो, त्याला चिकटलेला संदर्भाचा आकडा शोधतो, तो नसेल तर खूण लावतो किंवा वाक्य काढतो. त्याने चारही संकेतस्थळे चाळून तुमचे वाक्य हुडकावे ही अपेक्षा चुकीची आहे. सिद्ध करण्याची जबाबदारी मजकूर घालणाऱ्यावर असते. म्हणून लिहिण्याआधी प्रत्येक विधानाला विचारा: हे कुठे छापले आहे, कोणत्या पानावर, आणि ते पान मी स्वतः वाचले आहे का? तिन्हींची उत्तरे असतील तरच वाक्य लिहा.

प्रत्येक वाक्याला आकडा लावायचीही गरज नाही. पुणे महाराष्ट्रात आहे याला संदर्भ लागत नाही. आकडेवारी, तारखा, ‘पहिला’, ‘सर्वांत मोठा’, ‘एकमेव’ असली विशेषणे, कुणाचे मत, अवतरण, वादाचा मुद्दा आणि हयात व्यक्तीबद्दलचे काहीही, एवढ्यांना मात्र लागतोच. हयात व्यक्तीबद्दलचे बदनामीकारक वाक्य संदर्भाविना असेल तर चर्चेची वाट न पाहता काढतात. जात आणि धर्म यांबाबत तर त्या व्यक्तीने स्वतः जाहीरपणे सांगितलेले असावे. आडनावावरून काढलेला अंदाज चालत नाही.

आता तुमच्या गावाकडे वळू. लोकसंख्येसाठी भारताची जनगणना हाच स्रोत, आणि ती २०११ ची. जिल्हा जनगणना पुस्तिकेत गावनिहाय तक्ते असतात. त्यातले आकडे उचलून जाहिरातींच्या गर्दीत मांडणारी अनेक संकेतस्थळे आहेत. त्यांचा दुवा देऊ नका, मूळ पुस्तिकेचा द्या आणि तक्त्याचे पान सांगा. ‘चालू वर्षाची लोकसंख्या’ म्हणून अशा साइट जो आकडा दाखवतात तो अंदाज असतो. वाक्यही ‘गावाची लोकसंख्या अमुक आहे’ असे न लिहिता ‘२०११ च्या जनगणनेनुसार अमुक होती’ असे लिहा. एक खड्डा इथे हमखास लागतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्यामुळे जव्हार, मोखाडा, डहाणू या तालुक्यांतली गावे २०११ च्या पुस्तिकेत ठाणे जिल्ह्याखाली सापडतात. स्रोतात ठाणे आणि लेखात पालघर असे दिसले की तपासणाऱ्याला वाटते संदर्भ जुळत नाही. तिथे जिल्हानिर्मितीसाठी दुसरा संदर्भ जोडा आणि ‘जनगणनेच्या वेळी गाव ठाणे जिल्ह्यात होते’ एवढे स्पष्ट करा. वाद तिथेच संपतो.

देवळाचे प्रकरण जास्त नाजूक. देवस्थानाने काढलेली पुस्तिका हा स्रोत आहे, पण कशाचा? देवस्थानाचे म्हणणे काय आहे, याचा. यात्रा कोणत्या तिथीला भरते, पालखी कोणत्या वाटेने जाते, विश्वस्त मंडळ कधी नोंदले गेले, एवढ्यासाठी ती चालेल. देऊळ किती जुने आणि कुणी बांधले यासाठी चालणार नाही. काळ्या दगडाचे प्रत्येक जुने देऊळ आपल्याकडे हेमाडपंती ठरते आणि प्रत्येक लेणे पांडवांनी एका रात्रीत कोरलेले असते. काळ सांगायचा तर पुरातत्त्व खात्याचे प्रकाशन, गॅझेटियर किंवा मंदिरस्थापत्यावर काम केलेल्या अभ्यासकाचे पुस्तक हवे. आख्यायिका लेखात येऊ शकते, पण आख्यायिका म्हणून आणि ती जिथे छापली आहे त्याचा संदर्भ देऊन. ‘गावकरी सांगतात’ हा संदर्भ होत नाही, मग सांगणारा कितीही जाणता असो.

‘विश्वसनीय स्रोत’ अशी एखादी कायमची यादी असते असा समज आहे. इंग्रजी विकिपीडियावर काही प्रकाशनांबाबत चर्चेने ठरलेली भूमिका आहे; उदाहरणार्थ, ‘डेली मेल’ या ब्रिटिश वर्तमानपत्राचा संदर्भ देणे तिथे २०१७ पासून जवळजवळ बंद आहे. पण बहुतेक वेळा निर्णय त्या विधानापुरता असतो. लिहिणारा कोण, छापण्याआधी दुसऱ्या कुणी तपासले का, आणि हे विधान त्या प्रकाशनाच्या विषयात बसते का, हे पाहायचे. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाचे सहकारी साखर कारखान्यांवरचे पुस्तक उत्तम स्रोत आहे. त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत गावाच्या नावाची व्युत्पत्ती दिली असेल तर तिला तेवढे वजन नाही.

वर्तमानपत्रांबाबत थोडे सावध राहा. बातमीदाराच्या नावाची बातमी आणि पुरवणीतला मजकूर यांत फरक असतो. नेत्याच्या वाढदिवसाची विशेष पुरवणी, संस्थेच्या रौप्यमहोत्सवाचे चार रंगीत पानांचे प्रकरण, ऑनलाइन आवृत्तीत ‘प्रायोजित’ किंवा ‘ब्रँड’ असा बारीक शब्द असलेले लेख: हा पैसे देऊन छापलेला मजकूर असतो. त्यावर उल्लेखनीयता, म्हणजे विषय स्वतंत्र लेखाच्या योग्यतेचा असणे, सिद्ध होत नाही. वृत्तसंस्थेची एकच बातमी पाच वर्तमानपत्रांनी छापली तर ते पाच स्रोत होत नाहीत, एकच होतो. स्मरणिका आणि गौरवग्रंथही याच पंगतीतले. त्यातून जन्मतारीख किंवा शिक्षण घ्यायला हरकत नाही, ‘युगपुरुष’ तिथेच राहू द्यावा.

मराठी विश्वकोशाबद्दल बरेच जण विचारतात. स्रोत चांगला आहे. लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, नोंदी तज्ज्ञांकडून लिहून घेतलेल्या आहेत आणि नोंदीखाली लेखकाचे नाव असते. ते नाव संदर्भात जरूर द्या. पण दोन गोष्टी सांभाळा. नोंदीतली आकडेवारी त्या खंडाच्या काळातली असते, आणि संकेतस्थळावर दिसणारी तारीख ही नोंद चढवल्याची असू शकते. म्हणून खंडाचा क्रमांक आणि छापील वर्ष शोधून तेच द्या, नाहीतर सत्तरच्या दशकातली माहिती ताजी म्हणून खपते. दुसरे म्हणजे हा कोश आहे. तिथून दिशा घ्या, आणि नोंदीच्या शेवटी जी संदर्भसूची असते तिच्यातले मूळ पुस्तक मिळाले तर ते वापरा.

जुन्या मुंबई इलाख्याची जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेली गॅझेटियरे मोफत मिळतात म्हणून फार वापरली जातात. त्या काळचे बाजारहाट, घाटरस्ते, पिके, महसूल यांसाठी ती बहुमोल आहेत. जातींच्या उत्पत्तीच्या कथा आणि स्वभाववर्णने मात्र तिथून उचलू नका. इंग्रजी राजवटीतले असले लेखन जातिविषयक विधानांसाठी इंग्रजी विकिपीडियावरही अग्राह्य धरतात, आणि कारण योग्य आहे: माहिती देणाराच बहुधा हितसंबंधी होता आणि ती तपासलेली नव्हती.

इतिहासाच्या लेखांत सर्वांत जास्त मजकूर उडतो तो प्राथमिक साधनांमुळे. बखर, शकावली (शकवार घटनांची टिपणे), पत्र, ताम्रपट, शिलालेख ही साधने आहेत. त्यांचा अर्थ लावणे हे इतिहासकाराचे काम, विकिपीडियावरच्या संपादकाचे नाही. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी छापलेल्या साधनखंडातले एक पत्र घेऊन ‘यावरून सिद्ध होते की’ असे लिहिले की ते तुमचे स्वतःचे संशोधन झाले. निष्कर्ष कितीही बरोबर असला तरी त्याला जागा नियतकालिकात आहे, विश्वकोशात नाही. आधी तिथे छापून आणा, मग दुसरा कुणी त्याचा संदर्भ देईल.

एक उदाहरण जवळून पाहू: शिवाजी महाराजांची जन्मतारीख. जुन्या बखरींच्या परंपरेने शके १५४९ चा वैशाख, म्हणजे इ.स. १६२७ धरले जाई. जेधे शकावली प्रकाशात आल्यावर फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार ही नोंद पुढे आली. कवी परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यातही शके १५५१ ची हीच तिथी आहे. पुढे २००१ मध्ये राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. आता लेखात ‘जेधे शकावलीनुसार जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी झाला’ असे लिहून खाली शकावलीचा संदर्भ दिला तर तो अपुरा आहे, कारण शकावलीत फेब्रुवारी नाहीच. तिथीवरून तारीख काढणारा इतिहासकार वेगळा, आणि ‘अधिकृत’ हा शब्द येतो शासननिर्णयातून. म्हणजे एका वाक्याला तीन संदर्भ लागतात: तिथीला शकावलीची छापील आवृत्ती, तारखेला ती काढणारा ग्रंथ, स्वीकाराला शासनाचा कागद किंवा त्याची बातमी. आणि १६२७ चे मत लेखातून पुसायचे नसते. कुणाचे, कशावर आधारलेले आणि का मागे पडले हे संदर्भासह एका वाक्यात ठेवायचे.

याच तारखेत आणखी एक गंमत आहे. १९ फेब्रुवारी ही ज्युलियन, म्हणजे युरोपातल्या जुन्या कालगणनेची तारीख. आज वापरतो त्या ग्रेगोरियन पद्धतीने तोच दिवस १ मार्च १६३० येतो. एखादा नवा संपादक संगणकावर १९ फेब्रुवारी १६३० चा वार काढतो, ग्रेगोरियन हिशेबात मंगळवार येतो, शकावलीत शुक्रवार आहे, आणि तो ‘चूक’ दुरुस्त करायला धावतो. विकिडेटावर (विकिपीडियाच्या जोडीच्या माहितीसंचावर) तारीख भरताना कालगणना निवडायची सोय असते. तिथे ज्युलियन निवडले नाही तर तारीख दहा दिवसांनी सरकते. सतराव्या शतकाच्या सगळ्याच लेखांना हे लागू आहे. गोव्यातल्या पोर्तुगीज कागदांत ग्रेगोरियन तारखा असतात, सुरतेच्या इंग्रज वखारीच्या कागदांत १७५२ पर्यंत ज्युलियन, आणि त्यातही इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला बदलत असे. म्हणून सुरतेची पहिली लूट आपण जानेवारी १६६४ मध्ये धरतो, पण त्या वेळच्या इंग्रजी पत्रावर १६६३ हे वर्ष दिसू शकते. स्रोतात जी तारीख आहे ती कोणत्या पद्धतीची हे त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बहुधा सांगितलेले असते. ती चार पाने वाचायचा कंटाळा करू नका.

शक वर्षाचा साधा हिशेबही चुकतो. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. जुन्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नुसते ‘शके १८२०’ असेल आणि महिना नसेल तर १८९८-९९ असे लिहा; एकच वर्ष ठोकून देऊ नका.

आता एका फसव्या गोष्टीकडे: गोल फिरणारा संदर्भ. विकिपीडियावर कुणी बिनसंदर्भाचे वाक्य घालतो, वर्तमानपत्र ते उचलते, आणि मग तीच बातमी त्या वाक्याला संदर्भ म्हणून लागते. २००९ मध्ये जर्मनीचे मंत्री कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांच्या लांबलचक नावात एका निनावी संपादकाने ‘विल्हेल्म’ हे जादा नाव घुसवले. नामांकित वर्तमानपत्रांनी ते छापले आणि विकिपीडियावर त्याच वर्तमानपत्रांचा दाखला दिला गेला. आपल्याकडे किल्ल्यांच्या आणि संतांच्या लेखांत हे फार. ओळखायचे कसे? लेखाच्या ‘इतिहास’ पानावर जाऊन ते वाक्य कधी आले ते पाहा. ‘विकिब्लेम’ हे साधन त्यासाठीच आहे. वाक्य बातमीच्या आधीचे असेल आणि बातमीतले शब्दही तेच असतील, तर तो संदर्भ बाद. पुस्तकांतही हा प्रकार चालतो: ‘अल्फास्क्रिप्ट’ आणि ‘बेटास्क्रिप्ट’ या नावांनी निघालेली पुस्तके म्हणजे विकिपीडियाचेच लेख छापून बांधलेले आहेत. मुखपृष्ठ भारदस्त असते, फसू नका.

यंत्राने लिहून दिलेल्या संदर्भांची नवी डोकेदुखी आहे. चॅटजीपीटीसारख्या साधनाने दिलेले पुस्तक, लेखक, पृष्ठ सगळे दिसायला चोख असते, आणि पुस्तक अस्तित्वातच नसते. असा मजकूर पकडणे अवघड नाही: आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, त्याच्या शेवटच्या तपासअंकाशी जुळत नाही, दुवा उघडत नाही किंवा दुव्याच्या शेपटीला त्या साधनाचेच नाव चिकटलेले असते. एकदा असे सापडले की त्या सदस्याची मागची सगळी भर लोक उपसून काढतात.

इंग्रजीतून भाषांतर करतानाही हीच काळजी घ्या. भाषांतराचे साधन इंग्रजी लेखातले संदर्भ आपोआप उचलून आणते, पण तुम्ही ते वाचलेले नसतात. निदान जे दुवे उघडतात ते उघडून वाक्याशी ताडून पाहा. जे पाहता येत नाहीत त्यांच्यावर आधारलेले वादग्रस्त वाक्य आणूच नका. आणि एखाद्या पुस्तकात दुसऱ्या ग्रंथाचा दाखला असेल, तर तुम्ही जे पुस्तक हातात घेतले त्याचेच नाव द्या: ‘अमुक ग्रंथ, तमुक पुस्तकात उद्धृत’.

प्रत्यक्ष भरण्याबद्दल. यथादृश्य संपादकात (लेख दिसतो तसाच ठेवून संपादन करायच्या खिडकीत) ‘संदर्भ’ची कळ दाबून दुवा डकवला की संदर्भ आपोआप तयार होतो. तो तसाच ठेवू नका. बातमीच्या पानावर लेखकाच्या जागी ‘ऑनलाइन टीम’ असते. यंत्र ‘टीम’ला आडनाव करते. शीर्षकाच्या शेवटी वर्तमानपत्राचे नाव चिकटते. प्रकाशनाची तारीख बऱ्याचदा सुटते. हे हाताने नीट करा. स्रोत संपादनात, म्हणजे पानाच्या कच्च्या मजकुरात, काम करत असाल तर पुस्तकासाठी, बातमीसाठी आणि संकेतस्थळासाठी वेगवेगळे साचे (रकाने असलेले तयार नमुने) आहेत. त्या त्या साच्याच्या पानावरचा सांगाडा नक्कल करून घ्या, रकान्यांची नावे आठवणीने लिहू नका. तारीख आधी चार अंकी वर्ष, मग दोन अंकी महिना, मग दोन अंकी दिवस अशी दिली तर साचा सहसा कुरकुरत नाही. आयएसबीएन इंग्रजी अंकांतच (0 ते 9) भरा. २००७ च्या आधीच्या पुस्तकांवर तो दहा अंकी असतो आणि जुन्या मराठी पुस्तकांवर नसतोच. नसेल तर रकाना मोकळा सोडा, दुसऱ्या आवृत्तीचा आणून डकवू नका.

सांगाडा बिघडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण उभी रेघ (|). मराठी बातम्यांच्या शीर्षकांत ती सर्रास असते आणि साच्यात तीच रकाने वेगळे करते. शीर्षक अर्धवट दिसले की तिच्या जागी डॅश घाला. दुसरे कारण संदर्भांची नावे. यथादृश्य संपादक पुन्हा वापरलेल्या संदर्भाला अपूर्णविराम आणि शून्य (:0), अपूर्णविराम आणि एक (:1) अशी नावे देतो. असा परिच्छेद दुसऱ्या लेखात नेला, आणि तिथे त्याच नावाचा वेगळा संदर्भ आधीच असला, की तांबड्या अक्षरांत त्रुटी येते. नावे बदलून लेखकाचे आडनाव आणि वर्ष अशी ठेवा. लेखात संदर्भयादीचा साचा नसेल तर यादी पानाच्या अगदी तळाशी, बाह्य दुव्यांच्याही खाली जाते. ‘संदर्भ’ मथळ्याखाली तो साचा टाका.

पृष्ठक्रमांक हा बहुतेकांचा आळसाचा विषय. चारशे पानांच्या पुस्तकाचे नुसते नाव म्हणजे संदर्भ न दिल्यासारखेच. आवृत्तीही लिहा, कारण दुसऱ्या आवृत्तीत पाने सरकतात. इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावरच्या स्कॅनमध्ये पडद्यावर दिसणारा आकडा चित्राचा असतो. प्रस्तावनेची पाने धरून तो छापील क्रमांकापेक्षा वीस-तीसने पुढे असू शकतो. छापील क्रमांक द्या. तिथे डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाकडून आलेल्या मराठी पुस्तकांची माहिती पुष्कळदा चुकीची भरलेली आहे, म्हणून लेखक आणि वर्ष मुखपृष्ठाच्या स्कॅनवरूनच घ्या.

दुवा मिळाल्याबरोबर वेबॅक मशीनवर (संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या सेवेवर) त्याची प्रत जतन करा आणि तिचा पत्ता व तारीख साच्यात भरा. मराठी वर्तमानपत्रांनी संकेतस्थळे बदलली तेव्हा जुने दुवे मोठ्या प्रमाणात मेले. आणि दुवा असलाच पाहिजे असेही नाही. ग्रंथालयातले छापील पुस्तक पूर्ण ग्राह्य आहे. फक्त तपशील पुरा द्या, आणि मुद्दा वादाचा असेल तर मूळ ग्रंथातले एखादे वाक्य अवतरणाच्या रकान्यात लिहा. महागड्या नियतकालिकांसाठी ‘विकिपीडिया लायब्ररी’ आहे: खाते सहा महिने जुने, एकूण ५०० संपादने, गेल्या ३० दिवसांत १० आणि कुठेही बंदी नाही, एवढे असले की जेस्टोर या शोधनियतकालिकांच्या संग्रहासह बरेच काही मोफत उघडते.

संदर्भ दिला म्हणजे मजकूर जसाच्या तसा उतरवायची परवानगी मिळत नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षे प्रताधिकार राहतो. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर १९३७ मध्ये वारले, म्हणून त्यांचे लेखन मोकळे आहे. आजच्या अभ्यासकाचे नाही. शब्द इकडचे तिकडे करून तीच वाक्यरचना ठेवली तरी तो उताराच. पान बंद करा, दोन-तीन स्रोत वाचून झाल्यावर आपल्या शब्दांत लिहा, मग आकडे ताडून पाहा.

आता तुमच्या काढलेल्या मजकुराचे. तो पुन्हा एकगठ्ठा परत आणू नका; उलटापालट सुरू झाली की प्रचालक (विशेष अधिकार असलेले सदस्य) पान कुलूपबंद करतात आणि मग बरोबर असलेलेही बाहेर राहते. इतिहासातून जुनी आवृत्ती उघडून मजकूर धूळपाटीवर (आपल्या सरावाच्या पानावर) घ्या, वाक्यागणिक संदर्भ लावा, ज्याला मिळत नाही ते वाक्य तिथेच ठेवा. चर्चापानावर काढणाऱ्या सदस्याला उद्देशून कोणते तीन-चार स्रोत आणत आहात ते लिहा आणि काही दिवस थांबा. मग आधी लोकसंख्या, नंतर इतिहास, शेवटी देऊळ अशा वेगवेगळ्या संपादनांत भरा आणि प्रत्येक वेळी संपादन सारांशात स्रोताचे नाव लिहा. देवळाबद्दल हरकत आली तरी लोकसंख्येचा परिच्छेद तिच्याबरोबर जाणार नाही.